टबीथेची सुई
(समर्पित जीवन दिनानिमित्त मननचिंतन. वाचन : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२)



२ फेब्रुवारी हा प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण. संत पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९७ पासून हाच दिवस समर्पित जीवनाचा जागतिक दिन म्हणून पाळायला सांगितला. ह्या निमित्ताने आपण मिस्साच्या वेळी धर्मभगिनींसाठी प्रार्थना करतो, त्यांना एकेक गुलाबाचे फूल देतो, धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले त्यांच्यासाठी गाणे म्हणतात. हे सारे योग्यच आहे. पण फुले देऊन झाली की चर्चच्या आवारात चहा घेताना एक तक्रार हमखास कानावर येते. ‘फादर, पूर्वीच्या सिस्टर वेगळ्या होत्या. पूर्वी प्रत्येक वर्गावर सिस्टर असायच्या, आता शाळेत एखादीच दिसते. पूर्वी हॉस्पिटलात रात्री-अपरात्री सिस्टर दिसायच्या, आता कुठल्याशा मीटिंगला जातात, मोर्चाला जातात, साडी नेसतात. हे कसले सिस्टरांचे काम?’

ही तक्रार प्रेमापोटी आहे हे मान्य. ज्यांनी आपल्याला हात धरून पाटीवर अक्षर गिरवायला शिकवले, त्या सिस्टर पुन्हा दिसाव्यात असे कोणाला वाटणार नाही? तरीही ह्या तक्रारीला उत्तर द्यायला हवे. ते उत्तर शोधण्यासाठी आज आपण यापो नावाच्या बंदरगावी जाऊ या.

यापोची शिष्या

यापोमध्ये टबीथा नावाची एक स्त्री राहत होती. ग्रीक भाषेत तिला दुर्कस म्हणत, म्हणजे हरिणी. संत लूक तिला ‘शिष्या’ म्हणतो. मूळ ग्रीक नव्या करारात ‘शिष्य’ ह्या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप फक्त ह्या एकाच ठिकाणी, टबीथेसाठी आले आहे. ती गोरगरिबांना मदत करी, सत्कृत्ये करी. एके दिवशी ती आजारी पडून मरण पावली. पेत्र जवळच लोद येथे होता. त्याला तातडीने बोलावून घेतले. तो माडीवर गेला तेव्हा गावातल्या विधवा रडत त्याच्याभोवती जमल्या आणि टबीथेने शिवलेले अंगरखे नि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. पेत्राने सर्वांना बाहेर पाठवले, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि तिला उठायला सांगितले. तिने डोळे उघडले. मग त्याने पवित्र जनांना आणि विधवांना बोलावून ती जिवंत झालेली त्यांच्या स्वाधीन केली.

ह्या प्रसंगात टबीथेच्या तोंडचा एकही शब्द नाही. तिने प्रवचन दिल्याचा उल्लेख नाही. तिची साक्ष तिच्या सुईने दिली, आणि ती वाचून दाखवली विधवांनी. समर्पणाच्या सणाच्या शुभवर्तमानात हन्ना नावाची वृद्ध संदेष्ट्री आपल्याला भेटते. ती मंदिर सोडून कधी जात नसे, उपवास आणि प्रार्थना करून रात्रंदिवस देवाची सेवा करी. टबीथा मात्र सुईदोरा घेऊन विधवांमध्ये बसली. ख्रिस्तसभेला हन्नाही हवी आणि टबीथाही हवी. मठाच्या एकांतात आपल्यासाठी प्रार्थना करणाऱ्या भगिनी हन्नाच्या वंशातल्या. आज आपण टबीथेच्या वंशातल्या भगिनींविषयी बोलणार आहोत.

टबीथेच्या सुईचा प्रवास तीन टप्प्यांनी झाला असे मला वाटते. आधी वस्त्र शिवून द्यायचे. मग शिवायला शिकवायचे. आणि शेवटी, शिवणाऱ्या बाईला तिच्या शिवणीचे योग्य मोल मिळते की नाही, हे विचारायला तिच्या शेजारी उभे राहायचे. पवित्र शास्त्रात पहिल्याच टप्प्याचे वर्णन आहे. पुढचे दोन ख्रिस्तसभेच्या इतिहासात आपल्या भगिनींनी लिहिले.

भिंतीबाहेर येण्याची गोष्ट

आज सिस्टर रिक्षातून, लोकलमधून फिरताना दिसतात, ह्यात आपल्याला नवल वाटत नाही. पण शेकडो वर्षे हे शक्य नव्हते. १२९८ साली पोप बोनिफेस आठवे ह्यांनी फर्मान काढून सर्व व्रतस्थ स्त्रियांनी मठाच्या बंदिस्त आवारातच राहावे असा नियम केला. त्यामुळे ज्या स्त्रीला देवाला सर्वस्व वाहायचे होते आणि त्याच वेळी आजाऱ्याच्या उशाशीही बसायचे होते, तिला मार्गच उरला नाही.

१६३३ साली पॅरिसमध्ये संत व्हिन्सेंट डी पॉल आणि संत लुईज द मारिलाक ह्यांनी त्यातून वाट काढली. त्यांनी साध्या खेडवळ मुली एकत्र केल्या आणि त्यांना मठात बसवले नाही. आजाऱ्याचे घर हाच त्यांचा मठ आणि शहराचा रस्ता हेच त्यांचे आवार, असे त्यांना शिकवले. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९० मध्ये, ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ हा संघ जन्माला आला. धर्मसंघांवर बंदी येत होती, म्हणून ह्या भगिनींनी वेगळा पोशाख घातला नाही, मठ बांधला नाही. सामान्य स्त्रियांसारख्या राहून त्यांनी व्रते पाळली. म्हणजे ‘झगा नाही ती कसली सिस्टर’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की बिनझग्याच्या सिस्टर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ ख्रिस्तसभेत आहेत!

अशा सेवाभावी संघांतील भगिनींना खऱ्या अर्थाने व्रतस्थ म्हणून ख्रिस्तसभेची संपूर्ण मान्यता मिळाली ती १९०० साली, पोप लिओ तेरावे ह्यांच्या काळात. सांगायचे एवढेच की आज ज्याला आपण ‘पूर्वीच्या सिस्टरांचे काम’ म्हणतो, तेही एके काळी नवीन होते. त्या वेळीही कोणीतरी म्हटले असेल, ‘हे कसले सिस्टरांचे काम?’

पहिला टप्पा : वस्त्र शिवून देणे

आपल्या मुंबई-ठाणे परिसरात भगिनींचे काम ह्याच पहिल्या टप्प्याने सुरू झाले. १८३३ मध्ये बेल्जियमच्या लिएज शहरात धन्यवादित मारी तेरेज आझ ह्यांनी ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ हा संघ स्थापन केला. त्या संघाच्या भगिनी १८६२ मध्ये कराचीला आल्या आणि पुढे मुंबई इलाख्यात पसरल्या. शाळा, बोर्डिंग, अनाथालय ही त्यांची कामे. अंधेरीचे सेंट कॅथरिन्स होम अनेकांना ठाऊक असेल. टाकून दिलेली तान्ही बाळे, कोणी नसलेल्या मुली ह्यांचे ते माहेर झाले. तिथेच मदर अॅना ह्युबर्टा रोगेनडॉर्फ ह्या जर्मन भगिनीने १९४२ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा संघ उभा केला. अनाथ मुले, कुष्ठरोगी, वस्तीतली माणसे ह्यांच्यात ह्या भगिनी मिसळल्या. भायखळ्याच्या आशा दानात संत मदर तेरेसांच्या भगिनी अजूनही हेच काम करतात.

हे काम कधी संपणार नाही. भुकेल्याला आधी भाकरी द्यावी लागते, व्याख्यान नव्हे. जखम वाहत असताना जखमेच्या कारणांवर चर्चा करत बसणारा माणूस शोमरोन्याच्या गोष्टीतल्या याजकापेक्षा फार वेगळा नाही. म्हणून ‘पहिला टप्पा जुना झाला’ असे कोणी समजू नये.

आणि तरीही मदर तेरेसांचेच उदाहरण घ्या. त्या लोरेटो संघाच्या शिक्षिका होत्या, कोलकात्याच्या एका चांगल्या शाळेत मुलींना शिकवत होत्या. १९४६ मध्ये त्यांना अंतरी हाक ऐकू आली. १९४८ मध्ये परवानगी घेऊन त्या शाळेबाहेर पडल्या आणि १९५० मध्ये नवा संघ सुरू झाला. शाळेतले काम वाईट होते म्हणून त्या बाहेर पडल्या नाहीत. शाळेच्या भिंतीपलीकडे कोणी मरत पडला होता आणि त्याच्याजवळ कोणी नव्हते, म्हणून बाहेर पडल्या.

दुसरा टप्पा : सुई हाती देणे

दान देणाऱ्याचा हात नेहमी वर आणि घेणाऱ्याचा खाली असतो. हे अंतर मिटवायचे तर घेणाऱ्याला शिकवावे लागते. आपल्या भगिनींनी हे फार लवकर ओळखले.

ज्या संघाच्या भगिनींना झगा नसतो असे वर सांगितले, त्याच ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ संघाने १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय सुरू केले. समाजसेवा ही केवळ दयाळूपणाने होत नाही, तिलाही अभ्यास लागतो, शिस्त लागते, हे ह्या महाविद्यालयाने शिकवले. तिथून सर्व धर्मांची, सर्व जातींची मुलेमुली शिकून बाहेर पडली. भगिनींनी सुई आपल्याच हाती ठेवली नाही.

दवाखान्याची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. शंभर वर्षांपूर्वी रावळपिंडीतल्या पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत. बाळंतपणात त्या मरत, पण डॉक्टरचे तोंड पाहत नसत. अॅग्नेस मॅकलॅरन ह्या स्कॉटिश डॉक्टर बाईंनी १९०९ मध्ये तिथे स्त्रियांसाठी रुग्णालय उभे केले. त्यांचे म्हणणे साधे होते. ह्या स्त्रियांकडे स्त्री डॉक्टरच जाऊ शकतात, मग आपल्या धर्मभगिनींना डॉक्टर का होऊ देत नाही? कारण त्या वेळच्या धर्मनियमानुसार व्रतस्थ भगिनींना वैद्यकी, विशेषतः बाळंतपण करण्याची मुभा नव्हती. मॅकलॅरनबाई रोमकडे विनंत्या करत राहिल्या आणि १९१३ मध्ये उत्तर न मिळताच देवाघरी गेल्या. मग अॅना डेंगल ही ऑस्ट्रियाची तरुणी डॉक्टर होऊन रावळपिंडीला आली. तिथले हाल पाहून तिने १९२५ मध्ये अमेरिकेत ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ हा संघ सुरू केला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने परवानगी दिली आणि भगिनी पूर्णवेळ डॉक्टर, शल्यविशारद, सुईण होऊ शकल्या.

बंधुभगिनींनो, ह्यातली वेदना पाहा. नियम चांगल्या हेतूने केलेला होता. पण तो नियम आणि बाळंतपणात तडफडणारी आई समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा काही भगिनींनी आईची बाजू घेतली. त्यांनी बंड केले नाही, ख्रिस्तसभा सोडली नाही. विनवणी केली, वाट पाहिली, पुन्हा विनवणी केली. कॉन्व्हेंटच्या दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येकाने ह्या चिकाटीचे ऋण मानायला हवे.

पुढे ह्याच भगिनींनी दिल्लीचे होली फॅमिली हॉस्पिटल उभे केले, आणि काळाच्या ओघात ते दुसऱ्यांच्या हाती सोपवले. स्वतः वस्त्यांमधून, खेड्यापाड्यांतून लोकांना आरोग्याचे धडे द्यायला निघाल्या. उभी केलेली इमारत सोडून जाणे किती अवघड असते, हे आपल्यापैकी ज्यांनी कर्ज काढून घर बांधले त्यांना सांगायला नको. त्यांना इमारतीपेक्षा माणूस मोठा वाटला.

तिसरा टप्पा : शेजारी उभे राहणे

आता तिसरा टप्पा. हाच आपल्याला खुपतो, कारण हा आपल्या घरापर्यंत येतो.

पहाटे कळवा स्टेशनच्या पुलावर थोडा वेळ उभे राहून पाहा. पारसिकच्या डोंगरउतारावरून, वाघोबानगर, घोलाईनगर, भास्करनगरातून बायका झपझप उतरत येतात. कोणी ठाण्याला जाते, कोणी मुलुंडला, कोणी ऐरोलीला. हाती एक पिशवी, पिशवीत डबा. चार घरची धुणीभांडी, दोन घरचा स्वयंपाक, एका म्हाताऱ्या आजींना आंघोळ. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत आणि आपल्याही आहेत. त्यांच्या हातांवर शहर चालते. पण आजारी पडल्या तर पगार कापला जातो, आणि म्हाताऱ्या झाल्या तर काहीच हाती उरत नाही.

१८९७ मध्ये तामिळनाडूच्या मुलगुमुडू गावी अनाथ मुलींचा सांभाळ करताना मारी-लुईज द मेस्टर ह्या बेल्जियन भगिनीच्या हातून एक धर्मसंघ जन्मला. आय.सी.एम. भगिनी म्हणून तो ओळखला जातो. त्याच संघाच्या सिस्टर जीन डेव्होस १९६३ मध्ये भारतात आल्या. घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुली ह्यांचे हाल पाहून त्यांनी १९८५ मध्ये राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली आणि मुंबई हे तिचे मोठे केंद्र झाले. ज्या संघाची सुरुवात अनाथ मुलींना घास भरवण्यापासून झाली, त्याच संघाची भगिनी नव्वद वर्षांनी कामवाल्या बायकांबरोबर रस्त्यावर बसून विचारू लागली की ह्यांना आठवड्याची सुटी का नाही, ह्यांच्या कामाला ‘काम’ का म्हणत नाहीत? वरवर पाहता दोन वेगळी कामे, पण मूळ प्रेरणा एकच.

ह्या चळवळीने आणि अशा अनेक संघटनांनी आवाज उठवल्यावर हळूहळू दारे उघडू लागली. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर भारतात बंदी आली. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १६ जून २०११ रोजी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांच्या हक्कांचा करार स्वीकारला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार स्त्रियांचाही समावेश झाला. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या कायदेशीर संरक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमायला केंद्र सरकारला सांगितले. कायदा कागदावर येणे आणि कामवाल्या मावशींच्या हाती पैसा येणे ह्यांत अजून मोठे अंतर आहे. पण ‘नोकर’ हा शब्द जाऊन ‘कामगार’ हा शब्द आला, हेही थोडे नाही. शब्दाबरोबर मान येतो.

शेजारी उभे राहण्याची किंमत काय असू शकते, हे धन्यवादित राणी मारिया ह्यांनी दाखवले. केरळात जन्मलेली ही क्लेरिस्ट भगिनी मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात आदिवासी आणि भूमिहीन शेतमजुरांमध्ये काम करी. लोकांनी बचत करावी, सावकाराच्या कर्जातून सुटावे, सरकारी योजना मागून घ्याव्यात, हे ती शिकवी. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या बसमध्ये भाड्याच्या मारेकऱ्याने तिला भोसकून ठार केले. नुसता फराळ वाटत राहिली असती तर तिला कोणी मारले नसते. तिने गरिबाला हिशेब शिकवला, म्हणून ती नकोशी झाली. पुढे तिच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल हिने, मारेकरी समंदर सिंग ह्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली आणि घरच्यांनी त्याला क्षमा केली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियाला धन्यवादित घोषित करण्यात आले. हक्कासाठी झगडणे आणि शत्रूला क्षमा करणे ह्या दोन गोष्टी ख्रिस्ती माणसाच्या हृदयात एकत्र नांदतात, हे ह्या कुटुंबाने आपल्याला दाखवून दिले.

मूळ तेच, फांद्या नव्या

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी संन्यस्त जीवनाच्या नूतनीकरणाविषयी हुकूमनामा प्रसिद्ध केला. त्यात धर्मसंघांना दोन गोष्टी एकाच वेळी करायला सांगितल्या. आपल्या संस्थापकांच्या मूळ प्रेरणेकडे परत जा, आणि आजच्या काळाच्या गरजा ओळखा. पहिल्याशिवाय दुसरे केले तर धर्मसंघाची समाजसेवी संस्था होते, प्रार्थना सुकते. दुसऱ्याशिवाय पहिले केले तर धर्मसंघाचे वस्तुसंग्रहालय होते. विहीर तीच असावी, पण पाणी आज ज्याला तहान लागली आहे त्याच्या ओंजळीत पडावे.

म्हणून सिस्टर शाळेच्या वर्गात कमी दिसतात तेव्हा ‘ह्यांनी काम सोडले’ असे म्हणण्याआधी विचारू या, की आज शाळा चालवणारे इतर पुष्कळ आहेत, पण ज्यांच्याकडे कोणीच फिरकत नाही ते कोण आहेत? आपल्याच गावात छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या आवारात जाऊन पाहा. शहापूर, मुरबाडच्या पाड्यांतून आलेली माणसे, कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा हे न समजून जिन्यावर बसलेली असतात. त्यांना औषध डॉक्टर देतात. पण त्यांच्याबरोबर खिडकीपर्यंत कोण जातो?

आता आपली पाळी

आता दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात.

पहिली, सिस्टरांविषयी आपल्या वागणुकीची. १२ मे २०१६ रोजी जगभरच्या धर्मसंघांच्या प्रमुख भगिनींशी बोलताना दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी सेवा आणि चाकरी ह्यांत फरक केला. भगिनी सेवेसाठी आहेत, धर्मगुरूंची किंवा आणखी कोणाची चाकरी करण्यासाठी नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे शब्द आम्हा धर्मगुरूंना आधी लागू होतात, मग धर्मग्रामातील सर्वांना. वेदी सजवायला सिस्टर, धर्मशिक्षणाला माणूस नाही म्हणून सिस्टर, सणाच्या जेवणाची पाने मांडायला सिस्टर. आणि धर्मग्रामाचा एखादा निर्णय घ्यायचा तेव्हा मात्र सिस्टरांना विचारायचे राहून जाते. घरकामगारांच्या हक्कासाठी लढणाऱ्या भगिनींना आपणच फुकटच्या मनुष्यबळात जमा करत असू, तर गुलाबाचे फूल त्यांना टोचणारच.

दुसरी गोष्ट संख्येची. १९७० मध्ये जगात सुमारे दहा लाख धर्मभगिनी होत्या. २०२२ अखेर ती संख्या सुमारे सहा लाखांवर आली. भारतात एक लाखाहून अधिक भगिनी आहेत, म्हणून आपल्याला हा बदल तितका जाणवत नाही. पण आपल्या धर्मग्रामातल्या कुटुंबांकडे पाहा. एक किंवा दोन मुले, त्यांचे शिक्षण, नोकरी, परदेश. आपल्या मुलीने उद्या ‘मला सिस्टर व्हायचे आहे’ असे म्हटले तर घरात आनंद होईल की रडारड? ‘सिस्टर हव्यात’ असे सर्वांना वाटते. ‘माझ्या घरची नको’ असेही सर्वांना वाटते. मग सिस्टर येणार कुठून?

इथे पुन्हा टबीथेकडे वळू या. टबीथा धर्मभगिनी नव्हती. त्या काळात धर्मसंघ नव्हतेच. ती होती शिष्या, तुमच्याआमच्यासारखी बाप्तिस्मा घेतलेली. तिचे काम काही व्रतस्थ स्त्रियांच्या नावावर लिहून ठेवलेले नाही. आणि पेत्राने तिला उठवून कोणाच्या स्वाधीन केले? साऱ्या मंडळीच्या. सेवा हे साऱ्या मंडळीचे धन आहे. सिस्टर आपल्या वतीने ती करतात हे खरे, पण आपल्या ऐवजी करतात असे नाही.

म्हणून ह्या आठवड्यात तीन गोष्टी करू या. पहिली, आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुटी आहे का? नसेल तर ह्या रविवारपासून द्यावी. आपण मिस्साला येतो आणि त्या आपली भांडी घासत राहतात, हे त्या वेदीला शोभत नाही. त्यांना चहा वेगळ्या कपात मिळत असेल तर तो कप आजच कपाटातून काढून टाकावा. आणि आपल्यापैकी ज्या भगिनी स्वतः घरकामाला जातात, त्यांनी मान खाली घालून चर्चच्या मागच्या बाकावर बसू नये. तुमचे काम हे काम आहे, आणि नासरेथच्या घरी मरियामाताही हेच काम करत होती.

दुसरी, प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने महिन्यातून एक सकाळ निवडावी आणि दोघांनी रुग्णालयात जाऊन कोणा अनोळखी रुग्णाच्या नातेवाइकाला खिडकीपर्यंत सोबत करावी. धर्म विचारू नये. शोमरोन्यानेही विचारला नव्हता.

तिसरी, आपल्या मुलामुलींसमोर सिस्टरांविषयी आदराने बोलावे, आणि देवाने हाक दिली तर अडवणार नाही असे देवाला वेदीपुढे सांगावे.

यापोच्या विधवा पेत्राला वस्त्रे दाखवत होत्या. आपला अखेरचा दिवस येईल तेव्हा आपल्या उशाशी कोण उभे असेल, आणि त्यांच्या हाती दाखवायला काय असेल? बँकेचे पासबुक कोणी दाखवणार नाही. कोणी एखादी मावशी म्हणेल, ‘ह्यांनी मला रविवारची सुटी दिली होती.’ कोणी म्हणेल, ‘ह्यांनी माझ्या आजारी बापाला खिडकीपर्यंत नेले होते.’ असे एखादे वस्त्र तरी आपल्या हातून शिवले जावे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आपल्या शिष्यांचे पाय धुतलेस आणि सेवेला थोरवी दिलीस. आमच्या धर्मभगिनींसाठी आम्ही तुझे आभार मानतो. ज्या वृद्ध झाल्या आहेत त्यांना विसावा दे, ज्या थकल्या आहेत त्यांना बळ दे, ज्या नव्या वाटेने निघाल्या आहेत त्यांना धैर्य दे. आमच्या धर्मग्रामातून तुझ्या कामासाठी तरुण हात पुढे येऊ देत. आणि त्या हातांतली सुई कधी खाली पडली, तर ती उचलून घेण्याची बुद्धी आम्हा प्रत्येकाला दे.

पवित्र मरिये, एलिझाबेथच्या घरी घाईने सेवेला गेलेल्या माते, आमच्यासाठी विनंती कर.

आमेन.